आसरा देणाऱ्याचा धर्म

थंडी पडली की नाशिकच्या शरणपूर रोडवर तिबेटी मार्केट गजबजते. तिथल्या एक मावशी स्वेटर दाखवतानाही जपमाळ खाली ठेवत नाहीत. गिऱ्हाईक भाव पाडत असते आणि इकडे मणी सरकत असतात. मी ख्रिस्ती, शरणपूरच्या चर्चची. तरी ती माळ मला मोलाची वाटते, कारण तिबेटमध्ये चिनी राजवटीला तीच त्यांच्यापासून हिरावून घ्यायची होती. तिबेटी लोकांना धार्मिक समूह म्हणून नष्ट करण्यासाठी वंशसंहाराची कृत्ये झाली, असा निष्कर्ष न्यायविदांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या समितीने १९६० सालीच काढला होता.

याच शरणपुरात, १८५४ साली ख्रिस्ती मिशनने वसवलेल्या वस्तीत, आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवलेली आणि इंग्रजी जहाजांनी भर समुद्रात सोडवलेली मुले आली. सुतारकाम, लोहारकाम शिकली. याओ जमातीतला जेकब वेनराइट त्यांतलाच. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा झाडाच्या खोडावर त्यांचे नाव कोरले ते याने. पार्थिव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदेकऱ्यांतही. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण जेकब हे इथे आल्यानंतरचे नाव. आईने ठेवलेले मागेच राहिले.

जीव वाचवला, हाताला कसब दिले, हे थोरच. मात्र आसऱ्याला आलेल्याने आपल्यासारखे व्हावे, ही अट मला प्रभूच्या शिकवणीत सापडत नाही. येशूच्या दाखल्यातला शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, खर्च सोसतो. त्याचे दैवत विचारत नाही. आणि पंचवटीच्या गावात हे वेगळे सांगायला नको की शरण आलेल्या विभीषणाला रामाने अयोध्येला नेऊन ठेवले नाही, त्याच्या लंकेचेच राज्य दिले. नाशिकच्या आफ्रिकी मंडळींनाही पुढे परतीची वाट मिळाली. १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसले, तेव्हा यांतले कितीतरी जण तिथे गेले आणि नव्याने सुटलेल्या गुलामांना त्यांनी सांभाळले. शरणपूरच्या कामातला हा भाग मला सगळ्यांत मोठा वाटतो.

म्हणून आमच्या चर्चच्या मंडळींना आणि गल्लोगल्लीच्या मंडळांना माझी विनंती आहे. या थंडीत तिबेटी मार्केटात स्वेटर घ्याल तेव्हा घासाघीस करू नका. कोणाचे कागद सरकारी कचेरीत अडले असतील तर सोबत जा. लोसार, म्हणजे त्यांचा नववर्षाचा सण, येईपर्यंत ते इथे असले, तर त्यांना आपला हॉल द्या, आणि दलाई लामांची तसबीरही लावू द्या.