नाक वर

आमच्या जिल्ह्याला २०१७ साली शिर्डीजवळ काकडीला विमानतळ मिळाला. तिथून मी अजून एकदाही उडालेलो नाही. नातवाच्या संगणकावर मात्र तिथं एकदा आपटलो आहे.

त्याचं असं झालं. नगरच्या घरात खुर्चीवर बसून मी सेसना काकडीला सुखरूप उतरवली. मग काय, अंगात वारंच संचारलं! तशीच वळवली आणि पुन्हा सोडली. चाकं सुटतात न सुटतात तोच विमानाचं नाक मानपान चुकलेल्या विहिणीसारखं वर! घाबरून मी दांडी आणखीच ओढली. वेग सरला आणि विमान खाली आलं, मागे मनातल्या मनात बसवलेल्या सौभाग्यवतींसह.

"आजोबा, ट्रिम बघितला होता?" नातवानं विचारलं.

हात न दुखता नाक हवं तिथं राहावं, म्हणून हा ट्रिम. उतरताना वेग कमी, म्हणून तो नाक वर धरेल असा लावतात. पुन्हा उडण्यापूर्वी जागेवर आणायचा; नाहीतर पूर्ण ताकद देताच नाक उसळतं. तेव्हा दांडी पुढे दाबायची आणि ट्रिम सरळ करायचा.

"बघितला की! तुझी दांडीच बिघडलीय."

पोरगं बिचारं स्क्रूड्रायव्हर आणायला धावलं. मी विचारात पडलो. विमान खोटं, अपघात खोटा, अपघातात गेलेली बायको आत चहा टाकत होती. मग मला एवढं कसलं खात होतं? त्या साऱ्या खोट्यात खरं एकच घडलं होतं: मी खोटं बोललो होतो.

"अरे, ती दांडी उघडू नकोस," मी हाक मारली. "नाक माझंच वर होतं."