न आलेली होडी



माणूस ठरवतो एक आणि होते भलतेच! मुलीच्या लग्नाची चिठ्ठी देवळात वाचून होते आणि घरातले कर्ते माणूस आजारी पडते. व्हिसा हातात येतो आणि तिकडची नोकरी रद्द होते. भेटायला येणारे मग एकच वाक्य बोलतात, "देवाची काही तरी योजना असेल." हे वाक्य मीही पुष्कळदा बोललो आहे. ते खरे आहे का, आणि दुसऱ्याच्या दुःखात ते बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा विचार मात्र फार उशिरा मनात आला.

या वाक्याच्या समर्थनार्थ आपण संत फ्रान्सिस झेवियर यांचे उदाहरण देतो. ते चुकीचे नाही. संत इग्नेशियस व त्यांचे सोबती यांना जायचे होते जेरुसलेमला. 1537 साली ते व्हेनिसला जहाजाची वाट पाहत राहिले. तुर्कांशी युद्धाची चिन्हे होती, जहाज सुटलेच नाही. पुढे पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानासाठी मिशनरी मागितले, तेव्हा निवड झाली ती दुसऱ्यांची. त्यांतले बोबादिल्ला ऐन वेळी आजारी पडले. म्हणून मार्च 1540 मध्ये, जेमतेम एका दिवसाच्या तयारीने, रोममध्ये लिखापढीचे काम करणारे झेवियर निघाले आणि 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरले. एकाचे आजारपण, दुसऱ्याची मोडलेली योजना, आणि त्यातून केवढे कार्य! प्रवचनात ही गोष्ट ऐकली की मन सुखावते.

पण आपण बहुधा इथेच थांबतो. झेवियर मात्र इथे थांबले नाहीत. त्यांना चीनमध्ये जायचे होते. वकिलातीबरोबर जाण्याचा बेत मलाक्कामधल्या पोर्तुगीज कप्तानाने मोडला. तेव्हा 1552 साली ते शांगचुआन बेटावर जाऊन राहिले. चीनची मुख्य भूमी तेथून काही मैलांवर. परक्यांना आत नेणे हा गुन्हा होता, तरी एक चिनी व्यापारी मिरीच्या मोबदल्यात त्यांना गुपचूप कँटनला पोचवण्यास तयार झाला. दिवस ठरला. होडी आली नाही. पोर्तुगीज जहाजे एकेक करून निघून गेली. झोपडीत थंडी आणि उपासमार. तरी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ते पत्रे लिहीत होते. हा मार्ग बंद झाला तर पुढच्या वर्षी सयाममधून जाता येईल का, याचाही विचार करीत होते. मग ताप चढला. 3 डिसेंबरच्या पहाटे ते वारले, तेव्हा वय होते 46 आणि जवळ होता आंतोनियो नावाचा एक चिनी ख्रिस्ती.

तीस वर्षांनी मात्तेओ रिची चीनच्या दारात पोचले, हे आज आपल्याला ठाऊक आहे. झेवियरना ते ठाऊक नव्हते. त्यांच्यापुढे फक्त समुद्र होता. पहिल्यांदा योजना मोडली तेव्हा देवाने त्यांना बळ दिले आणि शेवटी दिले नाही, असे आपण म्हणणार का? मला वाटते, बळ दोन्ही वेळी तेच होते. एकदा त्यातून गोवा मिळाला. दुसऱ्यांदा वाट पाहण्याची, पत्र लिहिण्याची आणि दुसरा मार्ग शोधण्याची ताकद तेवढी मिळाली. संत पौलानेही आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली होती. काटा निघाला नाही.

आमच्या शेजारच्या मावशींच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. निवृत्तीनंतर दोघे मिळून वाडी पुन्हा लावणार होते. केळीची रोपेही सांगून ठेवली होती. मी भेटायला गेलो आणि ते ठरलेले वाक्य बोललो. मावशी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबा, देवाची योजना देव मला सांगेल. सकाळी यांना उठवून खुर्चीत बसवायला माणूस लागतो. तू येशील?"

मला लाज वाटली. दुसऱ्याच्या आयुष्यातला देवाचा बेत मला इतका स्पष्ट दिसत होता आणि त्यातले माझे काम मात्र दिसत नव्हते! स्वतःच्या दुःखात माणसाने "ही देवाची इच्छा" म्हणावे, ती श्रद्धा आहे. दुसऱ्याच्या दारात उभे राहून ते म्हणणे पुष्कळदा पळवाट असते. देवाचे बळ मागणाऱ्याकडे देव कधी कधी शेजाऱ्याचे दोन हात पाठवतो, आणि ते हात शब्द बोलून परत जातात.

मी जातो, पण रोज नाही. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी मावशी समोरच्या पोराला हाक मारतात. संध्याकाळी रोझरीला त्यांचे यजमान खुर्चीत बसतात. उजवा हात चालत नाही, म्हणून मणी मावशी सरकवतात, आणि ते एखादा मणी चुकला की डाव्या हाताने खूण करतात. केळीची रोपे यंदाही आणलेली नाहीत. मावशी म्हणतात, पाऊस पडून गेल्यावर बघू.