वाचलेलं पाणी

वडील मातीचा गोळा मुठीत दाबून वाफसा ओळखायचे. चाळीस वर्षं मीही तेच केलं. मग बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग झाला, २०२५ साली सरकारनं शेतीसाठी तसं धोरणही आणलं, अन् पोरानं आमच्या दीड एकर उसात यंत्र रोवलं. उपग्रहाची चित्रं, हवामान आणि मातीतली ओल यांचा मेळ घालून ते मोबाईलवर सांगतं : पाणी द्या, किंवा थांबा.

आधी राग आला. त्याला काय कळतंय माझ्या रानातलं? पण उकरून बघितलं, तर वीतभर खाली माती चिकट ओली. यंत्र खरं, मी खोटा. आमच्या कृष्णाकाठी कितीतरी रानं अशीच जादा पाण्यानं क्षारपड झाली. माझ्या पाणी पाजण्यात निम्मा अनुभव होता, निम्मी हाव. लाईट आली की मोटर चालू.

आता पाण्याची एखादी पाळी वाचते. पोरगं म्हणालं, "आबा, त्या पाण्यावर आणखी एकरभर लागण करू."

विहीर सामाईक. धाकट्या भावाचा नंबर माझ्या मागनं, अन् त्याचा हरभरा सुकत होता. लागण केली नाही. पेटीची चावी त्याच्याकडं देऊन आलो.

उसाला किती पाणी लागतं, हे यंत्राला माझ्यापेक्षा बरं कळतं. उरलेलं कुणाचं, हे ते सांगत नाही. ते मला आधीपासनं ठाऊक होतं. तेव्हा फक्त "उसाला लागतंय" ही सबब होती. यंत्रानं तेवढी काढून घेतली.