त्या दोघी कोण?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. चकल्यांचा घाणा कढईत होता आणि माझी भाची, बहिणीची धाकटी, वय वर्षे सोळा, ओट्याच्या भिंतीला मोबाइल टेकवून एक जपानी चित्रपट पाहत होती. हलती चित्रे म्हणजे पोरासोरांची करमणूक, अशी आमच्या पिढीची समजूत. म्हणून मी एक डोळा तेलाकडे ठेवून दुसऱ्याने पाहू लागले. अर्ध्या तासात चार चकल्या जळल्या, तेव्हा मी गॅस बंद केला आणि पाटावर बसले.

चित्रपटाचे नाव ‘लिझ अँड द ब्लू बर्ड’. क्योटो ॲनिमेशनने काढलेला, 2018 सालचा. दिग्दर्शिका नाओको यामादा. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, जपानीचे अक्षर येत नाही. खाली उमटणारी इंग्रजी वाक्ये भाची मधूनमधून समजावून देत होती. पण खरे सांगायचे तर त्या चित्रपटात समजावण्यासारखे बोलणे फारच थोडे आहे. शाळेच्या पायरीवर मिझोरे नावाची एक अबोल मुलगी बसली आहे. कुणाची तरी पावले वाजतात, तिची नव्हेत. पुन्हा वाजतात, आणि या वेळी तिची मान वर होते. नोझोमी आली! नोझोमी पुढे चालते, तिची शेंडी डुलते, आणि मिझोरे दोन पावले मागे राहून ती शेंडी पाहत जाते. एवढेच. तीस-पस्तीस मुलींच्या वर्गात आयुष्य काढलेल्या बाईला ते दोन पावलांचे अंतर चांगले ओळखीचे असते.

दोघी शाळेच्या वाद्यवृंदात आहेत. मिझोरे ओबो वाजवते, नोझोमी बासरी. स्पर्धेसाठी बसवायच्या रचनेत एक गोष्ट आहे : एकट्या राहणाऱ्या लिझकडे एक निळा पक्षी मुलगी होऊन येतो, आणि शेवटी लिझच त्याला उडून जायला सांगते. आपण लिझ आहोत, नोझोमी पक्षी आहे आणि ती एक दिवस जाईल, असे मिझोरे धरून चालते. आणि लिझने पिंजऱ्याचे दार उघडावेच का, हे तिला काही केल्या उमगत नाही. (मध्येच गणिताचा तास येतो, त्यात सहमूळ संख्या शिकवतात. एकाखेरीज दुसरा कुठलाही सामाईक विभाजक नसलेल्या दोन संख्या! मास्तरणीच्या लक्षात असल्या गोष्टी आधी येतात.)

अखेरीस एका रिकाम्या वर्गात मिझोरे नोझोमीला मिठी मारते आणि तिचे काय काय आवडते ते सांगते. तिचे हसणे, तिचे बोलणे, तिची पावले, तिचे केस. सारी नोझोमीच. उत्तरादाखल नोझोमी एवढेच म्हणते की, मला तुझा ओबो आवडतो.

भाचीने तिथे चित्रपट थांबवला. “मावशी, या दोघी नक्की कोण गं एकमेकींच्या?”

“मैत्रिणी,” मी म्हटले. इतक्या पटकन म्हटले की ती माझ्याकडे बघतच राहिली.

वाचकहो, या प्रश्नाला जपानात शंभरांवर वर्षांचा इतिहास आहे. 1899 च्या कायद्याने तिथे मुलींच्या उच्च शाळा सर्वत्र निघाल्या, आणि त्या शाळांतून थोरली मुलगी व धाकटी मुलगी यांच्या अशा जिवलग जोड्या जमू लागल्या. त्यांना ‘एस’ म्हणत; ‘सिस्टर’ या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर. चिठ्ठ्या, फुले, रुसवे, सारे काही. नोबुको योशिया या लेखिकेने 1916 पासून मासिकातून अशा मुलींच्या कथा लिहिल्या. प्रत्येक कथेला एका फुलाचे नाव. मोठ्यांची याला फारशी हरकत नसे, कारण लग्न झाले की हे संपते असा त्यांचा हिशेब होता. योशियाबाईंच्या बाबतीत तो चुकला. चियो मोन्मा नावाच्या आपल्या सखीबरोबर त्यांनी 1973 मध्ये मृत्यू येईपर्यंत संसार केला; आणि कायद्याच्या वहीत त्या नात्याला रकानाच नसल्यामुळे 1957 साली, वयाने थोड्याच लहान असलेल्या चियोबाईंना त्यांनी रीतसर मुलगी म्हणून दत्तक घेतले. मला हे वाचून हसू आले आणि लगेच लाज वाटली. घर, दोघींची नावे, म्हातारपण, सारे खरे; खोटा तेवढा वहीतला शब्द.

नव्वदीच्या दशकातल्या ‘सेलर मून’ मालिकेत हारुका आणि मिचिरू या दोघी उघड प्रेमिका होत्या. 2000 साली अमेरिकेत ती मालिका इंग्रजीत दाखवली, तेव्हा त्यांना चुलत-मावसबहिणी करून टाकले. चित्रांत मात्र त्या पूर्वीसारख्याच एकमेकींकडे पाहत राहिल्या. चित्रे कशी बदलणार?

या अमेरिकनांना हसण्याचा अधिकार मला नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या माझ्या एका कादंबरीत तालुक्याच्या गावी एका खोलीत राहणाऱ्या दोन शिक्षिका आहेत. प्रकाशकांनी हस्तलिखिताच्या कडेला पेन्सिलीने विचारले, ‘यांचे नाते काय? वाचक विचारतील.’ मी एका रात्रीत त्यांना आतेबहीण-मामेबहीण केले. एक वाक्य घातले की झाले. बाकी कादंबरीला धक्का नाही. पुस्तक निघाल्यावर एक पोस्टकार्ड आले. कुणा निवृत्त बाईंचे. त्यांनी लिहिले होते की एकशे दहाव्या पानापर्यंत मी माझेच घर पाहत होते. पुढच्या पानावर त्या बहिणी निघाल्या. कार्डावर पत्ता होता. मी उत्तर धाडले नाही.

भाचीला हे सांगितले नाही. मी तिच्याशी वाद घातला. म्हटले, अगं, प्रत्येक गोष्टीला नाव चिकटवलेच पाहिजे का? चौदा वर्षांच्या पोरीच्या अंगावर शिक्षकांच्या खोलीतून एक शब्द फेकला जातो आणि तो पुढे वर्षभर तिच्या दप्तरात राहतो, हे मी पाहिले आहे. मिझोरेला तिचे काय होते आहे ते स्वतःलाच उमगलेले नाही. ते यामादाबाईंनी आधी बोलून टाकले असते, तर तिच्यापासून ते हिरावून घेतल्यासारखे झाले असते. त्या गप्प राहिल्या ही त्यांची माया.

“आणि कंपनी गप्प राहते तीही मायाच का?” भाचीने विचारले. तिने मला ‘गुंडाम’च्या एका मालिकेची हकीकत सांगितली. 2022 साली पहिल्याच भागात सुलेत्ता आणि मिओरिने यांचे लग्न ठरते आणि 2023 मधल्या शेवटच्या भागात दोघींच्या बोटांत अंगठ्या दिसतात. पुढे एका मासिकाच्या मुलाखतीत ‘लग्न’ हा शब्द छापला गेला, तो डिजिटल आवृत्तीतून काढला गेला, आणि कंपनीने सांगितले की अर्थ ज्याचा त्याने लावावा.

ज्याचा त्याने! माझेच बोलणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखे झाले. शब्द तेच, पण यामादाबाईंनी काही काढून घेतले नव्हते. पावले, शेंडी, ती मिठी, सारे जागच्या जागी ठेवून त्या थांबल्या. ज्याला पाहायचे त्याला पाहता येते. कंपनीने मात्र असलेला शब्द खोडला. मीही, नसलेला शब्द घालून, तेच केले. हा फरक मला पटतो. पण तो पुरेसा आहे असे छातीठोकपणे सांगता येत नाही. कारण भाची पुढे म्हणाली, “मावशी, ज्यांना नाव हवंच असतं, त्यांनी किती दिवस पावलं ऐकत बसायचं?” यावर मी पुन्हा गॅस पेटवला.

उरलेला चित्रपट आम्ही रात्री पाहिला. भाची झोपल्यावर मी ट्रंकेतून ते कार्ड काढले. पत्ता अजून वाचता येतो. लिहायला बसले आणि ‘आदरणीय बाई’ यापुढे दोन ओळीसुद्धा सरकेनात.

कादंबरीची नवी आवृत्ती आता निघते आहे. मुद्रिते टेबलावर आहेत. एकशे अकराव्या पानावरचे ते वाक्य मी खोडले आहे. त्या जागी काही लिहायचे की तशीच ओळ पुढे जाऊ द्यायची, हे ठरत नाही. प्रेसचा माणूस शुक्रवारी येणार आहे.