कान कोणाचा, लाज कोणाची?

हजिऱ्याच्या एका कारखान्याच्या वसाहतीत आमच्या आप्तांपैकी एका घरी बारशाला जाण्याचा योग आला होता. पाळणा सजला, ओट्या भरल्या गेल्या, आणि आत्याबाई बाळाच्या कानात नाव सांगण्यासाठी उजवीकडून वाकल्या. क्षणभर थबकल्या, आणि वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या. बाळाला उजव्या बाजूस कान असा नव्हताच. शेंगदाण्याएवढा मांसाचा कोंब तेवढा होता, आणि तो सकाळपासून कुंचीखाली झाकलेला होता. जेवणे उरकल्यावर एका वयस्क बाईंनी बाळंतिणीला विचारले, "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" ती काही बोलली नाही. तिच्या त्या मौनामुळे हे लिहावेसे वाटले.

प्रथम त्या प्रश्नाचे उत्तर देऊ. बाह्यकर्णाची घडण गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत होते. ती अपुरी राहिली म्हणजे असा कान येतो. बहुतेक वेळा त्याचे निश्चित कारण सापडत नाही. ग्रहणाशी, विळीशी वा आईच्या चुकीशी त्याचा संबंध नाही. हे ठाऊक असूनही आम्ही त्या दिवशी गप्प बसलो, याची टोचणी आजही आहे.

आपल्या समाजात कान हा केवळ ऐकण्याचा अवयव कधीच नव्हता. तो टोचायचा, सजवायचा, मिरवायचा. बुगडी, कुडी, बाळी, पुरुषांची भिकबाळी. आपल्या जुन्या घरांतून ही आभूषणे अजून जपलेली आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात बालकाचे कान टोचण्याचा विधी सांगितला आहे, आणि त्याच अध्यायात फाटलेल्या पाळ्या जोडण्याचे पंधरा प्रकार दिले आहेत. पाळी नाहीशीच झाली असेल तर गालाची त्वचा, मूळ न तोडता, वळवून नवी पाळी करावी असेही तेथे आहे. म्हणजे शोभेसाठी कान आपणच टोचला, आपणच ताणला, आणि तो तुटला तेव्हा जोडण्याची विद्याही आपल्याकडेच जन्मली. शोभेची हौस आणि दुरुस्तीची कला या एकाच घरच्या बहिणी आहेत. म्हणून सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया म्हणजे पाश्चात्त्यांचे खूळ, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही.

आणखी एक दाखला आहे. इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाच्या एका गाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले. पुढे पुण्याजवळ वीटभट्टीवाल्यांच्या जातीतील एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली, आणि १८१४ मध्ये कार्प्यू या शल्यविशारदाने तेथे तशी शस्त्रक्रिया केली. नाक कापणाऱ्याचा हेतू माणसाला लाजेने मारण्याचा होता. लाज कापणाऱ्याची, तरी ती वागवावी लागली कावसजीला. त्या अनाम कारागिराने लाज कोणाची याची चर्चा केली नाही. त्याने ओझे उतरविले.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. जड दागिन्यांनी फाटलेली पाळी घेऊन एखादी प्रौढ स्त्री डॉक्टरांकडे गेली, तर तेवढी जागा बधिर करून थोड्या वेळात ती शिवता येते. पुढे आलेले कान मागे बसवून घ्यावेत असे एखाद्या तरुणाला वाटले, तर तोही त्याचाच विचार. शरीर त्यांचे, निर्णय त्यांचा. त्यात हसण्यासारखे काही नाही.

मुलांची गोष्ट निराळी. शाळेत मुले 'सुपकान्या' म्हणून चिडवतात. गणपतीला आपण शूर्पकर्ण म्हणून हात जोडतो, आणि सुपासारखे कान शेजारच्या मुलाला असले तर हसतो! अशा वेळी सुरी मुलाच्या कानाला लावावी की चिडवणाऱ्यांच्या जिभेला आवर घालावा? प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिल्याने आमचे उत्तर दुसरेच होते. पण जग सुधारेपर्यंत एका मुलाने रोज वर्गात बसून त्याची किंमत मोजावी, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? तत्त्वे आमची आणि टोमणे त्याला, हा न्याय नव्हे.

तेव्हा कसोटी एवढीच उरते : हे कोणाला हवे आहे, आणि त्याला विचारता येईल का? येथे शरीरशास्त्रच काहीशी मदत करते. पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत मुलाचा कान जवळजवळ मोठ्या माणसाएवढा वाढलेला असतो. पुढे आलेले कान बसवायचे ते साधारण त्यानंतर. न घडलेला कान बरगडीच्या कूर्चेतून घडवितात; तेवढी कूर्चा मिळण्यासाठी सहा ते दहा वर्षांपर्यंत थांबावे लागते, आणि बहुधा एकाहून अधिक शस्त्रक्रिया लागतात. कृत्रिम साच्याचा किंवा काढ-घाल करता येणाऱ्या कानाचाही पर्याय आहे. तोवर मूल बोलते झालेले असते, नको म्हणू शकते. त्याला विचारले पाहिजे, आणि 'नको' म्हटले तर ते मानले पाहिजे.

मात्र थांबणे नेहमीच निर्दोष नसते. नवजात बालकाच्या कानाची नुसती घडी बिघडलेली असेल, तर पहिल्या काही आठवड्यांत कूर्चा मऊ असते. साचा बसवून ती बिनकापाकापीची सुधारता येते. ती वेळ गेली की गेली. तेथे आईबापांनीच ठरवावे. आणि ज्या बाळाचा कानच घडलेला नाही, त्याची श्रवणाची तपासणी पहिल्या महिन्यांतच व्हावी, कारण अशा कानाचे छिद्र पुष्कळदा बंद असते. एका कानाने मूल बोलायला शिकते. पण आवाज कोठून आला हे कळणे आणि गलबल्याच्या वर्गात ऐकणे त्याला कठीण जाते. शोभेचा प्रश्न दहा वर्षे थांबू शकतो, ऐकण्याचा नाही. कुंचीने झाकलेल्या कानाकडे नेमके हेच पाहायचे राहून जाते.

त्या घरी आता पुन्हा जाणे होईल तेव्हा बाळंतिणीला दोन गोष्टी सांगायच्या आहेत : तिच्याकडून काहीही चुकलेले नाही, आणि मुलीच्या ऐकण्याची तपासणी झाली नसेल तर ती या महिन्यातच करून घ्यावी. कानाचे काय करायचे ते मुलगी मोठी झाल्यावर सांगेल. तोवर उन्हाळ्यात तरी तिच्या डोक्यावरची कुंची काढावी, एवढीच विनंती.