मशेरीची डबी

रत्नागिरीच्या एका संघात एक पोरगी होती. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या वाळूत पळून तिच्या पोटऱ्या घट्ट झालेल्या. डाव्या पायाचा फटका असा, की गोलकीपर नुसती बघत राही. पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

आजीच्या डबीतली मशेरी तिला कधीच लागली होती. सामन्याआधी चिमूटभर हिरडीला चोळायची आणि म्हणायची, "यानं डोकं थंड राहतं."

कोल्हापूरहून आलेल्या संघाशी सामना होता. पूर्वार्धात पंचांशी हुज्जत घालून तिनं पिवळं कार्ड घेतलं. उत्तरार्धात मशेरीचा अमल उतरला, जीव कासावीस झाला. कुणीतरी जर्सी ओढली मात्र, हिनं वळून तिला ढकललं. दुसरं पिवळं, म्हणजे लाल. तिच्या जागी दुसरी आणता येईना. दहाजणी झुंजल्या आणि एका गोलनं हरल्या.

प्रशिक्षक बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पुढच्या वेळी मशेरी लावशील, तेव्हा आधी आणि नंतर नाडी मोज."

तिनं मोजली. आधी मिनिटाला ७०, थोड्या वेळानं ८४.

"हे थंड डोकं होय?" बाई म्हणाल्या. "तंबाखू अंगातून उतरली की चिडचिड होते. पुन्हा लावलीस की तीच चिडचिड थांबते. ज्यानं घराला आग लावली तोच घागर घेऊन धावला, तर त्याचे उपकार मानशील?"

"चांगल्या खेळाडूला काय होतंय, बाई?"

"अमेरिकेच्या ॲबी वॉमबॅकचे १८४ आंतरराष्ट्रीय गोल. २०१२ची फिफाची सर्वोत्तम महिला खेळाडू. दारू आणि गोळ्यांनी तिलाही सोडलं नाही. २०१६मध्ये तिनं स्वतःच ते लिहून टाकलं."

घरी तिनं डबी आजीपुढे ठेवली. आजी म्हणाली, "माजो दात दुखता म्हणून दिलेली गो, बाय. दात पडलो, मशेरी रवली."

पुढचा पंधरवडा पोरगी सगळ्यांवर खेकसत होती. मैत्रिणींनी ऐकून घेतलं. बाईंनी सामन्यात उतरवलं नाही, पण सराव एक दिवस चुकू दिला नाही. महिन्याभरानं मैदानात पुन्हा कुणी जर्सी ओढली. तिनं पंचांकडे पाहिलं, फ्री किक घेतली आणि जागेवर परतली.

तात्पर्य: जे व्यसन आधी अस्वस्थ करतं आणि मग शांत करतं, त्याला औषध समजू नये. रागावर ताबा नशेनं येत नाही, नशा सुटल्यावर येतो.