पाठीशी घालणं आणि पाठीशी उभं राहणं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

अवधूताचे चोवीस गुरू आपणां दत्तभक्तांना ठाऊक आहेतच. भागवताच्या अकराव्या स्कंधात त्याने ते यदुराजाला सांगितले. पहिला गुरू पृथ्वी. कोणी कितीही तुडवलं तरी ती आपली क्षमा सोडत नाही. दुसरा एक गुरू कपोत. कपोती आणि पिल्लं जाळ्यात सापडली, तेव्हा मोहापायी तोही जाळ्यात पडला. वयात येणाऱ्या मुलाला आधार द्यायचा तो पृथ्वीसारखा की कपोतासारखा, हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्याच घरात उभा राहिला.

नातू आठवीत. वर्गात एक मुलगा अडखळत बोलतो. हा चारचौघांत त्याची नक्कल करी. त्या मुलाने शाळेत जाणंच बंद केलं, तेव्हा त्याचे वडील आमच्या दारी आले. आमचे चिरंजीव म्हणाले, "आमचा मुलगा तसा नाही हो." मीही मान डोलावली. ते गृहस्थ गुपचूप परत गेले.

रात्री झोप येईना. बँकेत जन्म काढला; संध्याकाळी रोकड जुळली नाही तर उशिरापर्यंत बसलो, पण खोटी नोंद केली नाही. मग आज काय केलं?

सकाळी नातवाला म्हटलं, "चूक तुझी, माफी तूच मागायची. पण मी बरोबर येतो." तिथे मी एक शब्द बोललो नाही. नुसता शेजारी उभा राहिलो. त्याचा आवाज कापत होता, पण माफी त्याने स्वतः मागितली.

हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या बाईंनी अनेक वर्षं अभ्यास केला. गरिबी, घरातली भांडणं अशा अनेक अडचणींत वाढलेल्यांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली निघाली. अशा मुलांना बहुधा निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस लाभलं होतं. पण भरवसा म्हणजे चुकीवर पांघरूण नव्हे. पाठीशी घातलेलं मूल लपायला शिकतं. ज्याच्या पाठीशी कोणी उभं राहतं, ते दुसऱ्याच्या पाठीशी उभं राहायला शिकतं.

त्या दोघांची अजून मैत्री झालेली नाही. पण तो मुलगा शाळेत येतो, आणि कोणी हसलं तर आमचा नातू आता हसत नाही. जमेच्या बाजूला एवढं मांडायला हरकत नाही.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!